ऋणमुक्ती, काटकसर आणि माणसांचा गोतावळा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा पाठ)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी कर्जाचा विषय काढणे काहींना रुक्ष वाटेल. परंतु संस्थेची पन्नास वर्षे म्हणजे तिच्या सभासद कुटुंबांच्या संसाराची पन्नास वर्षे असतात, आणि संसाराच्या चिंतांमध्ये आज ऋणाची चिंता पहिल्या रांगेत येऊन बसली आहे. पूर्वी कर्ज काढण्यासाठी सावकाराच्या ओट्यावर बसावे लागे. तेथे बसताना संकोच वाटे आणि तो संकोचच पुष्कळदा माणसाला सावरून घेई. आता मोबाइलवर चार वेळा बोट टेकविले की कर्ज खात्यावर जमा होते. घरातील वडीलधाऱ्यांना त्याची वार्ताही नसते. कर्ज घेणे सोपे झाले, फेडणे मात्र पूर्वीइतकेच कष्टाचे राहिले.

फेडण्याच्या मार्गावर निघालेल्या गृहस्थापुढे लवकरच एक पेच उभा राहतो. काटकसर करायची, तर लग्नकार्ये, आहेर, मित्रमंडळी, मंदिरातील उत्सव यांचे काय करायचे? सर्वत्र जावे तर हप्ता चुकतो, कोठेच जाऊ नये तर माणसे तुटतात. या पेचाचा विचार एका जुन्या, पण अत्यंत जिवंत उदाहरणाच्या आधारे करणे उपयुक्त ठरेल.

आग्र्याचा ऋणको

'समयसार नाटक' या ग्रंथाचे कर्ते कविवर बनारसीदास यांचे नाव स्वाध्यायप्रेमी श्रावकांना परिचित आहे. त्यांचा जन्म १५८६ मध्ये जौनपूर येथे एका श्रीमाळ व्यापारी कुटुंबात झाला. १६४१ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी स्वतःची जीवनकथा पद्यात लिहिली. मनुष्याचे पूर्ण आयुष्य एकशेदहा वर्षांचे कल्पून त्यांनी तिला 'अर्धकथानक' असे नाव दिले. हिंदीतील हे पहिले आत्मचरित्र मानले जाते. अध्यात्ममार्गी कवीच्या या कथेत व्यापारातील खोट, उधारी आणि हिशेब यांच्या हकिगती आडपडदा न ठेवता सांगितल्या आहेत.

१६१० च्या सुमारास वडील खड्गसेन यांनी रत्ने, कापड, तूप आणि तेल असा माल स्वाधीन करून तरुण बनारसीदासांना व्यापारासाठी आग्र्यास पाठविले. भांडवलातील काही पैसा घरचा होता, काही दुसऱ्यांचा. आग्र्यात पोहोचल्यावर दैव फिरले. तूप-तेलाच्या विक्रीत नफा जेमतेम मिळाला. काही रत्ने हरवली. कापडात बांधून ठेवलेली माणके उंदरांनी नेली. एक जडावाचा दागिना ज्या सराफाला विकला, त्याचेच दिवाळे निघाले. त्यातच आजारपण आले. अखेर जवळचे किडूकमिडूक विकून खाण्याची वेळ आली.

अशा अवस्थेत बनारसीदास दिवसा बाजारात जात नसत, घरीच राहत. रात्री मात्र त्यांच्याकडे दहा-वीस माणसे जमत. 'मधुमालती' आणि 'मृगावती' या प्रेमकथा ते गाऊन वाचून दाखवीत आणि श्रोते तल्लीन होत. त्या श्रोत्यांमध्ये एक कचोरीवालाही असे. त्याच्याकडून रोज उधारीवर कचोऱ्या घ्यायच्या आणि दिवस काढायचा, असा क्रम काही महिने चालला.

एके दिवशी एकांत पाहून बनारसीदासांनी त्या कचोरीवाल्याला खरी स्थिती सांगितली: उधारी पुष्कळ झाली आहे, जवळ काहीच नाही, यापुढे उधार देऊ नये. कचोरीवाल्याने शांतपणे उत्तर दिले की, वीस रुपयांपर्यंत खुशाल खावे. कोणी काही बोलणार नाही. पुढे एका आप्ताचा आधार मिळाला, भागीदारीत व्यापार सुरू झाला आणि हाती थोडा पैसा आला. तेव्हा त्या उधारीचा हिशेब झाला. रक्कम चौदा रुपये निघाली आणि ती तीन वेळा करून फेडण्यात आली.

चौदा रुपयांची ही हकिगत चारशे वर्षांनंतरही वाचनीय ठरते, याचे कारण तिच्यात ऋणमुक्तीची सगळी शिस्त आलेली आहे. ऋणकोने धनकोला टाळले नाही; विचारणा होण्याआधी स्वतः होऊन सांगितले. सांगताना खोटा वायदा केला नाही. पैसा हाती आल्यावर एकरकमी देण्याची वाट न पाहता हप्त्यांनी दिला. आणि या सर्व काळात रात्रीची बैठक बंद पडली नाही. त्या बैठकीला खर्च नव्हता. जे देण्यासारखे होते, म्हणजे स्वतःचे वाचन आणि स्वतःचा आवाज, तेच बनारसीदास देत होते. त्या बैठकीतच कचोरीवाल्याचा विश्वास जडला आणि मदतीचा हात देणारा आप्तही त्याच श्रोत्यांमध्ये भेटला. बनारसीदास लाजेने दार लावून बसले असते, तर दोन्ही आधार हुकले असते.

याच कथेत पुढे आणखी एक प्रसंग येतो. भागीदारीच्या व्यापाराचा हिशेब केला, तेव्हा कमाई आणि खर्च यांची तोंडमिळवणी होऊन हाती काहीच उरले नाही. बनारसीदास सासुरवाडीस खैराबादला गेले. पत्नीने खोदून विचारल्यावर त्यांनी सत्य सांगितले. तिने जपून ठेवलेले वीस रुपये पतीच्या हाती ठेवले, त्याला धीर दिला आणि आपल्या आईला गुपचूप विश्वासात घेतले. त्या माउलीने दोनशे रुपये काढून दिले. ज्या घरात कर्जाची गोष्ट बोलली जाते, तेथे मार्ग निघण्याची शक्यता असते. आजही पुष्कळ घरांत पतीचे कर्ज पत्नीला आणि मुलाचे कर्ज वडिलांना वसुलीचा माणूस दाराशी आल्यावर कळते. तोपर्यंत मूळ रकमेइतकेच व्याज साचलेले असते आणि विश्वासाची झालेली हानी त्याहून मोठी असते.

तिसरा प्रसंग याच्या अगदी उलट आहे. सबलसिंह नावाच्या धनाढ्य साहूंबरोबर भागीदारीचा हिशेब मिटवायचा होता. परंतु साहूंच्या वाड्यावर अहोरात्र गाणे-बजावणे आणि राजपुत्राला शोभेल असा थाट चाले. बनारसीदास रोज हेलपाटे घालीत. हिशेबाला मात्र सवड मिळत नसे. शेवटी एका परिचिताच्या मध्यस्थीने कागद मागविले गेले आणि परस्पर फारखती लिहिली गेली. माणसांची गर्दी दोन्ही ठिकाणी होती, कवीच्या खोलीत आणि साहूंच्या वाड्यातही. एका गर्दीने ऋणकोला तगवून धरले, दुसरीने साध्या हिशेबालाही उसंत मिळू दिली नाही. लोकव्यवहार सांभाळताना या दोन्हींतील फरक ओळखता आला पाहिजे.

एकाच यादीतील दोन गुण

आपल्या शास्त्रकारांनी हा विचार फार पूर्वी केलेला आहे. बाराव्या शतकात कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी राजा कुमारपाल याच्यासाठी 'योगशास्त्र' रचले. त्याच्या पहिल्या प्रकाशाच्या अखेरीस सद्गृहस्थाचे पस्तीस गुण सांगितले आहेत. न्यायाने मिळविलेले धन हा त्यांतील पहिला गुण. उत्पन्नाला साजेल असा खर्च आणि ऐपतीप्रमाणे वेष हेही त्याच यादीत आहेत. परंतु यादी तेथे संपत नाही. अतिथी, साधू आणि दीन यांचा यथोचित सत्कार, ज्यांचे पोषण आपल्यावर अवलंबून आहे त्यांचे पोषण, सदाचारी लोकांची संगत आणि लोकांना प्रिय असणे, हे गुणही त्याच गृहस्थाच्या अंगी असावेत, अशी आचार्यांची अपेक्षा आहे.

खर्च मर्यादित ठेवणारा आणि लोकांना प्रिय असणारा गृहस्थ एकच आहे, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. लोकप्रियता खर्चाने विकत घ्यावी लागते, ही समजूत अलीकडची आहे.

आचार्य समंतभद्रांनी 'रत्नकरंडक श्रावकाचार' या ग्रंथात परिग्रहपरिमाण व्रताला 'इच्छापरिमाण' असे दुसरे नाव दिले आहे. हे नाव आजच्या काळाला फार लागू पडते. पूर्वी खिशातील पैसा संपला की इच्छेला आपोआप मर्यादा पडे. उधारीच्या सोयीमुळे खिसा रिकामा असतानाही इच्छा पुरी करता येते. म्हणून मर्यादा आता वस्तूंच्या आधी इच्छेलाच घालावी लागते, आणि ती दुकानात उभे असताना नव्हे, त्यापूर्वी शांत चित्ताने घरी बसून ठरवावी लागते.

वहीतील गणित

ऋणमुक्तीची पहिली पायरी म्हणजे सर्व देणी एका कागदावर लिहून काढणे. कोणाचे किती, व्याज किती, हप्ता किती आणि मुदत किती, हे चार रकाने पुरेत. सोनेतारण, पतसंस्थेचे कर्ज, वाहनाचा हप्ता, क्रेडिट कार्ड, दुकानाची उधारी, नातेवाइकांकडून हातउसने घेतलेले पैसे, यांतील काहीही वगळू नये. अनेकांना एकूण आकडा ठाऊक नसतो आणि तो ठाऊक करून घेण्याची भीती वाटते. बेरीज मांडली म्हणजे निदान भीतीला मर्यादा पडते.

क्रेडिट कार्डाचे उदाहरण घ्यावे. समजा, ५०,००० रुपये थकले आहेत आणि दरमहा साडेतीन टक्के व्याज आहे. एका महिन्याचे व्याज १,७५० रुपये झाले. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर म्हणजे ३१५ रुपये. गृहस्थाने २,५०० रुपये भरले आणि तो निश्चिंत झाला. प्रत्यक्षात मूळ रकमेतून केवळ ४३५ रुपये कमी झाले. शिवाय थकबाकी असताना त्याच कार्डावर नवी खरेदी केली, तर तिला बिनव्याजी मुदतीचा लाभ मिळत नाही. व्याज खरेदीपासूनच सुरू होते. थकबाकी संपेपर्यंत कार्ड कपाटात ठेवणे हाच यावरचा उपाय आहे.

आता छोट्या बचतीचे बळ पाहावे. ३,००,००० रुपयांचे कर्ज १४ टक्के दराने पाच वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ६,९८० रुपये येतो आणि एकूण सुमारे ४,१८,८०० रुपये फेडावे लागतात. पहिल्या महिन्यापासून दरमहा १,५०० रुपये अधिक भरले, तर हे कर्ज साठऐवजी सुमारे ४६ महिन्यांत संपते आणि व्याजाचे २९ हजारांहून अधिक रुपये वाचतात. मुदतपूर्व फेडीवर काही शुल्क आहे का, हे आधी विचारून घ्यावे. महिन्याला दीड हजार रुपये म्हणजे दिवसाला पन्नास. एवढी रक्कम बहुतेक मध्यमवर्गीय घरांत कोणालाही उपाशी न ठेवता बाजूला काढता येते.

फेडीचा क्रम ठरविताना सर्वांत अधिक व्याजाचे कर्ज प्रथम घ्यावे, हा हिशेबाचा नियम आहे. त्याला एक पुरवणी जोडावी लागते. नातेवाइकांकडील हातउसन्या पैशांना व्याज नसते, म्हणून ते यादीत तळाशी जातात आणि वर्षानुवर्षे तेथेच राहतात. देणारा भिडेखातर मागत नाही, घेणारा संकोचाने भेटत नाही आणि सख्ख्या माणसांत अबोला येतो. अशा देण्याचा लहानसा का होईना, हप्ता बांधावा आणि तो न मागता पोहोचवावा. चौदा रुपये तीन वेळा करून देण्यातील मर्म हेच आहे.

आहेर, बोली आणि जामीन

आता मूळ पेचाकडे वळता येईल. काटकसरीचे अंदाजपत्रक करताना कर्जाने गांजलेला गृहस्थ बहुधा लोकव्यवहाराच्या रकान्यात शून्य लिहितो. हे शून्य फार काळ टिकत नाही. चार महिने कोठेही न गेलेले कुटुंब पाचव्या महिन्यात एखाद्या लग्नात लाजेकाजेस्तव चार महिन्यांची बचत उधळून येते. किंवा सर्वांपासून तुटून एकाकी पडते. म्हणून या रकान्यात शून्य लिहू नये. ऐपतीप्रमाणे पाचशे किंवा हजार रुपये दरमहा लिहावेत आणि वर्षाचे आहेर, भेटी, प्रवास त्यातूनच करावेत. रक्कम आधी ठरलेली असली, म्हणजे प्रत्येक निमंत्रणपत्रिकेबरोबर नवा वाद घरात शिरत नाही. इच्छापरिमाणाचा हा अगदी व्यावहारिक प्रयोग आहे.

पैशाने जे करता येत नाही, ते अंगमेहनतीने आणि वेळेने करता येते. लग्नघरी चांदीचे ताट न देता दोन दिवस आधी जाऊन कामाला हात लावणारा माणूस यजमानाच्या अधिक स्मरणात राहतो. आजाऱ्याची विचारपूस, वृद्धांना दर्शनाला घेऊन जाणे, पाठशाळेत मुलांना शिकविणे, स्वाध्यायाला नियमाने बसणे, यांना खर्च नाही. मित्रांनी हॉटेलात जेवणाचा बेत केला, तर "यंदा घरी चहाला या" असे मोकळेपणाने म्हणता येते. एकदा म्हणून पाहिले की लक्षात येते, त्या मंडळीतील आणखी दोघे-तिघे याच वाक्याची वाट पाहत होते.

मंदिरातील बोलीचा विषय नाजूक आहे, तरी तो टाळून चालणार नाही. अभिषेकाची किंवा पाळण्याची बोली घेणे हे भावनेचे कार्य आहे. परंतु भर सभेत, शेजाऱ्याच्या आकड्यावर आकडा चढवीत, घरात हप्ते थकलेले असताना बोललेली रक्कम पुढे महिनोन्महिने संस्थेच्या वहीत येणे राहते. तेव्हा पुण्यकार्याचेही ऋण होते आणि तो गृहस्थ मंदिरात येणेच टाळू लागतो. ज्याने देवळाची वाट सुटावी, अशी बोली न बोललेली बरी. अनुमोदनेलाही शास्त्राने फळ सांगितले आहे, आणि ती विनामूल्य आहे.

जामीन राहण्याविषयी तर अधिकच सावध असावे. "नुसती सही तर हवी आहे" असे म्हणून मित्र किंवा मेहुणा कागद पुढे करतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी ऋणकोच्या जबाबदारीइतकीच असते. स्वतःचे कर्ज फेडीत असलेल्या माणसाने भिडेखातर दुसऱ्याच्या कर्जावर सही करणे म्हणजे घराच्या पायाशी नवा खड्डा खणणे होय. नकार देताना कारण प्रांजळपणे सांगावे: स्वतःचे देणे फिटेपर्यंत कोणालाही जामीन राहायचे नाही, असा घरात नियम केला आहे. नियमाचे नाव पुढे केले की नकारातील कटुता पुष्कळ कमी होते.

समाजाचे कर्तव्य

आतापर्यंतचे विवेचन ऋणकोच्या कर्तव्याचे झाले. परंतु 'अर्धकथानका'तील त्या प्रसंगात दोन माणसे होती आणि त्यांतील कचोरीवाल्याकडेही पाहिले पाहिजे. त्याने उधारीची बाजारात वाच्यता केली नाही. वीस रुपयांची मर्यादा मात्र स्पष्ट सांगितली. दया आणि व्यवहार त्याने एकाच वाक्यात सांभाळले. साधर्मिक वात्सल्याचे याहून सोपे उदाहरण शोधून सापडणार नाही.

अडचणीतील कुटुंबाला देणगीच्या यादीत ठळक आकड्याची गळ घालू नये. लग्नाच्या पंगतीतील पदार्थ मोजून माणसाची पत ठरवू नये. ज्यांची ऐपत आहे, त्यांनीच आधी साधे लग्न करावे, म्हणजे ज्यांची नाही त्यांना साधेपणाची लाज वाटणार नाही. एखाद्याने आहेराऐवजी हात जोडून शुभेच्छा दिल्या, तर त्या तितक्याच आनंदाने स्वीकाराव्यात. संस्थेतील हिशेब जाणणाऱ्या दोन ज्येष्ठांनी महिन्यातून एक संध्याकाळ अशा कुटुंबांसाठी राखून ठेवली आणि त्यांचे कागद गुप्तता पाळून पाहून दिले, तर त्या सेवेला भांडवल लागणार नाही. सुवर्णमहोत्सवाचे ते एक चिरस्थायी स्मारक ठरेल.

आणि अखेरीस, क्षमापनेच्या दिवसाची गोष्ट. दरवर्षी त्या दिवशी सर्वांकडे जाऊन, हात जोडून क्षमा मागितली जाते. ज्याचे पैसे द्यायचे आहेत, त्याच्या गल्लीतून मात्र पाय निघत नाही. त्याला क्षमापनेचा संदेश फोनवर पाठविला जातो. यंदा त्याच घरी प्रथम जावे. बरोबर पहिला हप्ता न्यावा, मग तो पाचशे रुपयांचा का असेना. तोही जमत नसेल, तर रिकाम्या हातांनी जावे आणि खरी स्थिती सांगावी. बनारसीदासांच्या हाती त्या दिवशी काहीच नव्हते. तरीही ते एकांत पाहून बोलले, आणि चौदा रुपयांचे ते देणे त्या बोलण्यापासूनच फिटू लागले.

जय जिनेंद्र.